सतराची बेरीज

मार्च लागला की आमच्या फ्रिजवरच्या बाकीच्या कागदांना अंग चोरून बसावं लागतं. कराचे कागद, दातांच्या डॉक्टरांची तारीख, पाडव्याच्या नाटकाच्या तालमींचं वेळापत्रक, सगळं कडेला. मधली जागा एका आडव्या तक्त्याची. त्यावर डावीकडे ३२ आणि उजवीकडे ३२ कॉलेजांची नावं असतात. दोन-दोन नावांतून एकेक रेघ निघते, रेघा एकमेकींना मिळत मिळत मधोमध येतात आणि तिथे एका नावापुरती जागा रिकामी असते. लांबून तो कागद वंशावळीसारखा दिसतो, फक्त उलटा. वंशावळीत एका माणसाचे शंभर होतात, इथे तीन आठवड्यांत ६४ जणींच्या घरातून एकच घर उरतं.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा हा तक्ता. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरी या गावी राहतो. शेजारीच रॅली, आणि रॅलीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ. घरात तिघांची तोंडं तीन दिशांना असली तरी या विद्यापीठाच्या मुलींच्या संघावर आमचं एकमत आहे. बाकीच्या अमेरिकेला मुलींचं बास्केटबॉल आयोवाच्या कॅटलिन क्लार्क या खेळाडूमुळे कळलं असेल, आम्ही त्याआधीपासूनचे वारकरी.

२०२१ साली मी त्या तक्त्याचा फोटो सहज बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पीटीचे सर होते. निवृत्त होऊन तेव्हाच वीसेक वर्षं झालेली. बास्केटबॉल त्यांनी कधी शिकवला नाही, आमच्याकडे खो-खो आणि कबड्डी. पण तक्ता वाचायला खेळ कशाला कळायला हवा? दहा मिनिटांत फोन आला.

"अगं, प्रत्येक जोडीची बेरीज सतरा येतीय."

मी इतकी वर्षं तो कागद भिंतीवर लावत होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चौसष्ट संघांचे चार विभाग, प्रत्येक विभागात सोळा संघ, त्यांना १ ते १६ मानांकन. पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, असं करत करत आठव्याची नवव्याशी. कुठलीही जोडी घ्या, सतरा. म्हणजे जो जितका वरचा, त्याच्यासमोर तितकाच खालचा. २०२२ पासून संघ ६८ झालेत, पण जादाच्या चार जागांचा निकाल आधीच लागतो आणि बेरीज शाबूत राहते.

"चांगलं केलंय," बाबा म्हणाले. "ताकदीचे संघ लवकर एकमेकांवर पडत नाहीत."

ते असं का म्हणाले हे फक्त मला आणि त्यांना कळलं. त्यासाठी १९८७ सालच्या एका सकाळी जावं लागेल.

मी नववीत होते आणि आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघात होते. तालुक्यात आमच्या तोडीचा एकच संघ होता, नदीपलीकडच्या गावचा. आधीच्या वर्षी अंतिम सामन्यात आम्ही त्यांना एका गुणाने हरवलं होतं. त्या वर्षी स्पर्धा दुसऱ्या एका गावी होती आणि यजमानांनी भाग्यपत्रिका काढली ती चिठ्ठ्या टाकून. डब्यात सगळ्या शाळांच्या चिठ्ठ्या, कुणाच्या तरी धाकट्या पोराला हात घालायला सांगितलं, आणि पहिल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या त्या आमची आणि नदीपलीकडची. सकाळी साडेआठला पहिला सामना. मैदानावर अजून पाणीसुद्धा मारून झालं नव्हतं. आम्ही दोन गुणांनी हरलो. अकराच्या एसटीने परत निघालो तेव्हा भाकरीचे डबे उघडलेले नव्हते. दुपारी अंतिम सामना झाला म्हणे, नदीपलीकडच्यांनी तो एक डाव राखून जिंकला. बघायला कुणी थांबलं नव्हतं.

एसटीत कुणी रडलं नाही. आमच्या एका गड्याने खिडकीतून बघत फक्त एवढंच विचारलं, "सर, आपण दुसऱ्या आहोत ना तालुक्यात?" कागदावर आम्ही पहिल्या फेरीत बाद झालेल्यांत होतो.

पुढच्या वर्षीपासून बाबांनी स्पर्धेच्या बैठकीत हट्टच धरला. आदल्या वर्षीचे चार संघ चार कोपऱ्यांत ठेवा, मग चिठ्ठ्या टाका. 'तुमच्या शाळेला सोपं जावं म्हणून सांगताय' असं त्यांना तोंडावर ऐकून घ्यावं लागलं. त्यात थोडं तथ्यही होतं, हे ते आता हसून कबूल करतात.

मराठीत आपण या प्रकाराला मानांकन म्हणतो. मान आला की पंगत आली, पाट आला, मिरवणूक आली. पुण्यात कसबा गणपती पुढे, मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम; कुणाच्या मूर्तीची उंची किती आणि कुणाची रोषणाई किती हा प्रश्नच नाही. मान एकदा ठरला की ठरला. इंग्रजांचा शब्द मात्र शेतातून आलाय. टेनिसवाल्यांनी चांगले खेळाडू तक्त्यात लांब लांब टाकायची रीत काढली आणि तिला सीडिंग, म्हणजे पेरणी, म्हणाले. मला तो शब्द जास्त पटतो. पाभरीने पेरताना दोन दाण्यांत अंतर ठेवतात ते दाण्याचा सन्मान म्हणून नव्हे, एका रोपाने दुसऱ्याला खाऊ नये म्हणून. पेरणीची जागा वर्षाला बदलते, आणि पाऊस कुठे पडेल ते पेरणाऱ्याच्या हातात नसतं.

या मुलींच्या स्पर्धेत तर जागा ही गोष्ट फारच शब्दशः घ्यावी लागते. मुलांच्या स्पर्धेत सगळे सामने तिऱ्हाईत मैदानांवर होतात. मुलींकडे तसं नाही. २०१५ पासूनचा नियम असा की चारही विभागांतले पहिले चार, म्हणजे एकूण सोळा संघ, पहिल्या दोन फेऱ्या आपल्या घरच्या मैदानावर खेळतात. बाकीचे त्यांच्या दारी जातात. कारण भावनेचं नाही, खुर्च्यांचं आहे. तिऱ्हाईत गावी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवण्यापेक्षा जिथे प्रेक्षक येतात तिथे खेळवलेलं बरं. त्यामुळे झालंय असं की पहिल्या आणि दुसऱ्या मानांकनात जितकं अंतर नाही तितकं चौथ्या आणि पाचव्यात आहे. चौथा आपल्या खोलीतल्या पलंगावर झोपून उठतो. पाचवा बॅगा भरतो.

त्या बॅगा कुठे जाऊन पडू शकतात ते २०२४ मध्ये दिसलं. युटाहच्या मुलींना पाचवं मानांकन मिळालं, चौथं होतं गोंझागाला, म्हणून युटाहला त्यांच्या गावी, स्पोकेनला जावं लागलं. त्या आठवड्यात शहरातली हॉटेलं भरलेली, म्हणून संघाला उतरवलं शेजारच्या आयडाहो राज्यात, कोर डी'अलीन गावी. तिथे जेवायला जाताना आणि परतताना रस्त्यावर गाड्यांतून त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. मुली घाबरल्या, दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवला. मग सामना खेळल्या आणि गोंझागाकडून हरल्या. एका जागेने वर असत्या तर त्या आठवड्यात सॉल्ट लेक सिटीत आपापल्या खोल्यांत असत्या. समितीच्या खोलीत चार आणि पाच यांत किती मतांचा फरक पडला असेल कोण जाणे. त्या रस्त्यावर तो फरक मतांत मोजता येत नव्हता.

ही समिती बारा जणांची असते. कॉलेजांचे क्रीडा संचालक, लीगचे (हंगामभर आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे) अधिकारी अशी माणसं. स्वतःच्या संघाचा विषय निघाला की त्या सभासदाला खोलीबाहेर जावं लागतं. (बाबांना हे फार आवडलं. "आम्हाला कुणी बाहेर जायला सांगितलं असतं तर बैठकीत चहावालाच उरला असता.") कोण कुणाशी खेळला, कुठे खेळला, समोरचा किती तगडा होता, हे सगळं बघून आधी एकापासून अडुसष्टपर्यंत एक लांब यादी करतात. मग त्या यादीतले संघ वरून खाली उचलून विभागांत टाकतात. आणि इथे दुसरा नियम येतो: संघ शक्यतो घराजवळच्या विभागात टाकायचा. ज्याचा नंबर आधी, त्याची निवड आधी.

या दुसऱ्या नियमाने आमच्या संघाचं काय केलं ते सांगते.

नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या मुली रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये खेळतात. १९४९ सालची विटांची इमारत, साडेपाच हजार माणसांची. कोर्टाला के याव यांचं नाव दिलंय. याव बाईंनी १९७५ पासून २००९ पर्यंत हा संघ घडवला, १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं, आणि कॅन्सरशी झगडत अगदी शेवटच्या महिन्यांपर्यंत बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत संघाला पहिलं मानांकन कधी मिळालं नव्हतं. ते मिळालं २०२१ मध्ये, वेस मूर प्रशिक्षक असताना. आणि ते नेमकं कोविडचं वर्ष. सगळी स्पर्धा टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियो आणि आसपास, एकाच ठिकाणी कोंडून घेतलेली. आयुष्यात पहिल्यांदा मानाचा पाट मिळाला आणि त्या वर्षी पंगत हॉटेलात. रेनॉल्ड्सचे दिवे बंद. तिसऱ्या फेरीत चौथ्या मानांकनाच्या इंडियानाने ७३-७० असं हरवलं.

२०२२ मध्ये पुन्हा पहिलं मानांकन. या वेळी रेनॉल्ड्स उघडं होतं, पहिल्या दोन फेऱ्या तिथे झाल्या, आम्ही दोन्हींना गेलो. पण तिसऱ्या फेरीपासून पुढे विभागाच्या ठिकाणी जायचं असतं. त्या वर्षी विभागांची चार ठिकाणं होती: ग्रीन्सबोरो, विचिटा, स्पोकेन आणि ब्रिजपोर्ट. ग्रीन्सबोरो आमच्याच राज्यात, रॅलीहून सव्वा तास. तक्ता जाहीर होत होता तेव्हा लेक सोफ्यावर उभी होती. ग्रीन्सबोरो गेलं साउथ कॅरोलायनाला. देशातला पहिला नंबर त्यांचा, त्यामुळे पहिली निवड त्यांची, आणि त्यांनाही तेच जवळचं. आम्हाला ब्रिजपोर्ट, कनेटिकट. साडेपाचशे मैल. विचिटा आणि स्पोकेनपेक्षा जवळ, हे खरंच. नियमाप्रमाणे काहीच चूक नाही.

मग त्याच विभागातलं दुसरं मानांकन दिसलं: कनेटिकट विद्यापीठ. ज्यांना सगळे यूकॉन म्हणतात. तोवर अकरा विजेतेपदं, सलग तेरा स्पर्धांत शेवटच्या चारांत. त्यांनाही घराजवळचा विभाग द्यायचा हा नियम, आणि त्यांचं घर ब्रिजपोर्टपासून दीड तासावर.

"म्हणजे नंबर एक आपण, आणि घर त्यांचं?" लेकीने विचारलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. मला एकदम एसटीची खिडकी आठवली.

२८ मार्च २०२२ चा तो सामना मी पुन्हा कधी पाहिलेला नाही, पण डोळे मिटले की दिसतो. स्टेडियम निळंशार. आमच्या लाल टोप्या मोजता येतील इतक्या. चाळीस मिनिटांत बरोबरी. जादा वेळ. त्या जादा वेळेच्या अगदी शेवटी जकाया ब्राउन-टर्नरने तीन गुणांचा बॉल घातला आणि ७७-७७. आमच्या घरात सोफ्याचा एक पाय तेव्हाच मोडला, तो आजही वीट लावून उभा आहे. दुसरी जादा वेळ. पेज बेकर्स नावाची मुलगी, गुडघ्याच्या दुखापतीतून नुकतीच परतलेली, तिने त्या दिवशी २७ गुण केले. यूकॉन ९१, आपण ८७. शेवटच्या चारांत सलग चौदाव्या स्पर्धेत तेच.

बाबांचा फोन भारतातल्या सकाळी. मी स्कोअर सांगायला लागले तर ते म्हणाले, "ते कळलं. सामना कुठं होता?"

मी सांगितलं.

"मग एक नंबर कशाला दिला?" ते म्हणाले. "दोन द्यायचा आणि घरी खेळवायचं."

हरलो म्हणून मी नियमांवर खार खाते असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. यूकॉनच्या मुली त्या दिवशी चांगल्या खेळल्या, एक खेळाडू मनगट मोडून पहिल्या अर्ध्यातच बाहेर गेलेली असतानाही. त्यांचं काही चुकलं नाही. पण वरच्या संघाला वरचा आकडा देऊन मग त्याच्या हातातून त्या आकड्याची किंमत काढून घेता येते, आणि तीही सगळे नियम पाळून, हे मला त्या रात्री कळलं. त्या पराभवानंतरच्याच वर्षी, २०२३ मध्ये, विभागांच्या चार जागांच्या दोन झाल्या, एकेका शहरात आठ-आठ संघ. तो बदल आधीच ठरलेला होता, आमच्यासाठी कुणी केला नव्हता. पण त्याने घरचं-दारचं थोडं कमी झालं.

यूकॉन हा प्रकार मात्र वेगळ्याच बाजूने बघण्यासारखा. त्यांची लीग आता तितकी तगडी नाही, त्यामुळे हंगामभर त्यांना समोर दांडगे संघ कमी मिळतात आणि यादीत ते ताकदीपेक्षा एखाद-दुसरी पायरी खाली दिसतात. ते स्वतः त्याने फारसे बिघडत नाहीत. बिघडतो तो त्यांच्या विभागातला पहिला. २०२२ मध्ये आम्ही. २०२४ मध्ये यूकॉनला तिसरं मानांकन, विभागात पहिलं सदर्न कॅलिफोर्निया. गेलं ८०-७३ ने. २०२५ मध्ये यूकॉन दुसरं, विभागात पहिलं पुन्हा सदर्न कॅलिफोर्नियाच. त्या बिचाऱ्यांची जुजू वॉटकिन्स दुसऱ्याच फेरीत गुडघा फाटून बाहेर गेली होती, ७८-६४. मग यूकॉनने स्पर्धेतल्या पहिल्या नंबरच्या यूसीएलएला ८५-५१ आणि शेवटी साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं लोळवलं. दुसऱ्या पाटावर बसवलेल्या पाहुण्याने सगळं ताट उचलून नेलं.

याचं मूळ उदाहरण १९९८ चं. पहिल्या मानांकनाचं स्टॅनफर्ड, सोळाव्याचं हार्वर्ड, सामना स्टॅनफर्डच्या घरी. हार्वर्ड ७१, स्टॅनफर्ड ६७. कॉलेज बास्केटबॉलमध्ये सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. मुलांमध्ये हे घडायला २०१८ उजाडावं लागलं. मुलींमध्ये त्यानंतर एकदाही नाही. ही गोष्ट नेहमी चिमणीने गरुडाला हरवल्यासारखी सांगतात. मला ती वेगळी दिसते. स्टॅनफर्डच्या दोन महत्त्वाच्या खेळाडू स्पर्धेच्या तोंडावर गुडघे दुखावून बसल्या होत्या, हे एक. आणि हार्वर्ड सोळावं नव्हतंच. त्यांची लीग, आयव्ही लीग, त्या वर्षी त्यांनीच जिंकली होती, आणि त्यांच्याकडे होती अ‍ॅलिसन फीस्टर, त्या हंगामात देशात सरासरीने सर्वांत जास्त गुण करणारी. तिने त्या रात्री ३५ केले. समितीने हार्वर्डला लहान लेखलं, त्याचा दंड भरला स्टॅनफर्डने. खालच्याचं मानांकन चुकलं की ठेच वरच्याला लागते, हे त्या तक्त्याचं गणित कुणी नीट सांगत नाही. बेरीज सतरा येण्यासाठी दोन्ही आकडे बरोबर लागतात.

(त्या विभागातून शेवटी चारांत कोण गेलं असेल? नवव्या मानांकनाचं अर्कान्सा. वाटेवरचा मोठा दगड आयताच बाजूला झालेला.)

घरचं मैदान तरी कुठे हमखास तारतं. २०२२ मध्ये आयोवाला दुसरं मानांकन, घरी खचाखच गर्दी, कॅटलिन क्लार्क अंगणात. दहाव्या मानांकनाच्या क्रेटनने ६४-६२ असं हरवलं, आणि शेवटी निर्णायक तीन गुणांचा बॉल घातला लॉरेन जेन्सनने, जी आदल्या वर्षीपर्यंत आयोवाच्याच संघात होती. तिला त्या घरातलं भिंतीचं रंगकामसुद्धा पाठ असणार. २०२३ मध्ये तर दोन पहिली मानांकनं घरच्याच मैदानावर दुसऱ्या फेरीत पडली: स्टॅनफर्ड आठव्या मिसिसिपीकडून, इंडियाना नवव्या मायामीकडून. पहिल्याला दुसऱ्या फेरीत आठवा किंवा नववा भेटतो, आणि माझ्या मते आठवा-नववा हा सगळ्यात अवघड पाहुणा. त्याला गमवायचं काही नसतं, आणि तो वाटतो तितका लहानही नसतो. समोर मात्र दहा-बारा हजार माणसं जिंकणं गृहीत धरून बसलेली. परीक्षेला आख्खं घर वर्गाबाहेर उभं असलं तर पेपर सोपा जात नाही.

तरीही एक भिंत आहे. १९८२ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून २०२५ पर्यंत तिसऱ्या मानांकनाच्या खालचा एकही संघ विजेता झालेला नाही. तिसऱ्यांनी तीनदा जिंकलं: १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना (आमचे शेजारी, चॅपल हिलचे, घरात त्यांचं नाव हळू घेतात), १९९७ मध्ये टेनेसी, २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट. बाकी सगळे पहिले नाहीतर दुसरे. याचा अर्थ समितीला माणसं ओळखता येतात असाही लावता येईल, आणि घर ज्यांना मिळतं तेच टिकतात असाही. मी दोन्ही मानते, दिवसाप्रमाणे.

पैशांचंही सांगून टाकते, एका ओळीत. मुलांच्या स्पर्धेत सामना जिंकला की लीगला पैसे मिळतात, १९९१ पासून. मुलींच्या स्पर्धेत ते सुरू झालं २०२५ मध्ये. चौतीस वर्षं मुली नुसत्याच जिंकत होत्या.

आमचा संघ २०२३ मध्ये सातवा होता आणि पहिल्याच फेरीत एका गुणाने गेला. २०२४ चा हंगाम सुरू होताना पहिल्या पंचवीसांत कुणी त्यांना धरलं नव्हतं. मार्चमध्ये मिळालं तिसरं मानांकन. तक्ता फ्रिजवर लावताना लेक म्हणाली, "बरं झालं, एक नाही दिला."

त्या वर्षी त्यांना पोर्टलंडला पाठवलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे दुसऱ्या मानांकनाचं स्टॅनफर्ड ७७-६७, मग पहिल्या मानांकनाचं टेक्सास ७६-६६. अझाया जेम्स दोन्ही दिवशी अंगात आल्यासारखी खेळली. टेक्सासच्या सामन्याआधी तर कुणाच्या तरी लक्षात आलं की कोर्टावरच्या तीन गुणांच्या दोन रेघा सारख्या अंतरावर नाहीत. एका टोकाची चुकीची आखलेली. आधीचे चार सामने त्याच रेघांवर होऊन गेलेले! दोन्ही प्रशिक्षकांना विचारलं, दोघे म्हणाले, राहू द्या, खेळू. बाबांना हे सांगितल्यावर ते इतके हसले की ठसका लागला. त्यांनी आयुष्यभर फक्की हातात घेऊन मैदानं आखली. "सुतळीने मापायला काय झालं होतं?" एवढंच विचारत राहिले.

चारांत पोहोचलो. १९९८ नंतर पहिल्यांदा. दोन पहिल्या मानांकनांनी जे दिलं नाही ते तिसऱ्याने दिलं. तिथे साउथ कॅरोलायनाने ७८-५९ असं घरी पाठवलं, आणि त्या तर त्या वर्षी ३८ पैकी ३८ जिंकल्या, त्यामुळे त्याचं दुःखही धड करता आलं नाही.

पण मला त्या वर्षातलं आठवतं ते पोर्टलंड नाही. तिसरं मानांकन म्हणजे पहिल्या चारांत, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या घरी. आणि बाबा त्या मार्चमध्ये इथे आले होते. ऐंशी वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर लेकीने घातलेली लाल टोपी. दुसऱ्या फेरीचा सामना होता टेनेसीशी, सोमवारी. रेनॉल्ड्समध्ये पाय ठेवल्याबरोबर त्यांनी वर छताकडे नाही, खाली लाकडाकडे बघितलं. मग कोपऱ्यांकडे. मग टेनेसीच्या नारिंगी बाकाकडे.

"या पोरी कुठून आल्यात?"

"टेनेसी. शेजारचंच राज्य. सहा-सात तास असतील बसने."

"कितवा नंबर?"

"सहा."

त्यांनी ओठ हलवून बेरीज केली. तीन आणि सहा नऊ. "दुसऱ्या फेरीत बेरीज मोडली," ते म्हणाले.

"तीनचा चौदा होता, तो हरला. सहाने अकराला हरवलं. नऊच यायची."

"हां." मान हलवली. एवढंच. मग सामना सुरू झाला आणि त्या इमारतीत बोलणं शक्य नव्हतं. विटांच्या भिंतींत आवाज कोंडून राहतो, पायाखालचं लाकूड थरथरतं. शेवटच्या काही मिनिटांत टेनेसी जवळ आली होती. ७९-७२. लेक उड्या मारत होती, मी ओरडून घसा बसवून घेतला होता. बाबा बसून होते. ते पाहुण्यांचा बाक रिकामा होताना बघत होते.

बाहेर गार वारा होता. पार्किंगकडे जाताना इमारतीच्या मागच्या बाजूला एक बस उभी दिसली, इंजिन चालू, आतले दिवे लागलेले. कुणी चढलेलं नव्हतं अजून. बाबा थांबले. मला वाटलं गुडघा दुखतोय.

"जेवल्या असतील का गं?" त्यांनी विचारलं.

"असतील बाबा. यांचं सगळं नीट असतं."

ते तरीही दोन मिनिटं तिथेच उभे राहिले.